डिकीत झोपून ऐकलेलं

घालिबमामा म्हणाला, "कुठे घासतंय ते डोळ्यांना नाही दिसत,
कानांना दिसतं. आणि या घरात कान एकीलाच आहेत."
म्हणून मी डिकीत.
शाळेत भूमिती शिकवणारी सव्वीस वर्षांची बाई,
तोंडात टॉर्च, गुडघे हनुवटीला,
कमरेखाली स्टेपनीचा रिकामा खड्डा.
बाहेर मिचेल्स प्लेनचा आग्नेय वारा
दारादारांतून वाळू पेरत चाललेला.

ताश्रीकने चाकं आणली बेलविलहून,
अर्धे पैसे रोख, अर्धे शब्दावर.
मागची नऊ इंची, परातीसारखी खोल.
गाडी तर आधीच जमिनीला पोट टेकून बसलेली,
वडिलांची जुनी बीएमडब्ल्यू,
जी ते उंचच ठेवायचे,
रस्त्याचा काय भरवसा म्हणून.
त्याने स्प्रिंगा बदलल्या त्या रात्रीपासून
दोघांमध्ये मीठ मागण्याइतकंसुद्धा बोलणं नाही.

खडू माझा, शाळेतला, निळा.
मामाने टायरच्या खांद्यावर तो गोल फिरवला,
गतिरोधकावरून दोन फेऱ्या,
आणि मडगार्डच्या आतल्या ओठावर निळं उमटलं.
"हा इथे चावतो."

मग हीटगन. रंगावरून हलती ठेवायची,
थांबलात की फोड, घाई केलीत की तडा.
शेजारच्या रीदाची क्रिकेटची बॅट
मुठीकडून सरकवली चाक आणि पत्र्याच्या मध्ये
आणि गाडी ढकलली
वीतभर पुढे, वीतभर मागे,
वीतभर पुढे.
पत्रा कण्हला, मग ऐकायला लागला.
ओठ आत दुमडला,
मिनीबसमध्ये चौथ्याला जागा देताना
माणसं चोरतात तसं अंग चोरून.

पंधरा मिलिमीटरची चकती काढून मामाने पाचची घातली.
ताश्रीकचं तोंड उतरलं,
त्याला चाक कडेपर्यंत येऊन मिरवायला हवं होतं.
वरून चाक जरासं आत कललं,
कमी ऐकू येणारा माणूस मान कलती करतो तसं.
फेरी मारली. काही नाही.
"झालं!" ताश्रीक ओरडला.
"रिकाम्या गाडीचं काय कौतुक," मामा म्हणाला,
"माणसं बसव."

आई बसली, मांडीवर कणकेचे हात तसेच.
रीदा बसला, बॅटच्या नुकसानभरपाईची बोलणी करत.
मधली जागा उरली.
पाटाच्या चपला फरफटल्याचा आवाज आला,
दार उघडलं,
आणि गाडी दोन बोटं खाली गेली.
कोणी काही बोललं नाही.
बंदरात एकतीस वर्षं क्रेनवर बसलेलं वजन
मी पाठीमागून ओळखलं.

पहिला गतिरोधक: काही नाही.
दुसरा: काही नाही.
मशिदीपाशी तिसरा, जरा उंच,
आणि खस्स.
खडू मोडताना होतो तेवढाच.
टॉर्च तोंडातून काढून मी ओरडणार
तेवढ्यात सीटच्या पलीकडून
वडिलांचा आवाज आला, "डावं. मागच्या बाजूला. दोन सूत."

इंजिन बंद झालं.
दारं वाजली.
मग दोघांचे आवाज, चाकाच्या उंचीवर,
म्हणजे दोघंही उकिडवे.
"इथे?"
"त्याच्या वर. हात घाल. अरे, उलटा हात."
बॅट पुन्हा आली असावी,
कारण गाडी हलायला लागली,
वीतभर पुढे, वीतभर मागे,
आणि कोणीतरी "हळू" म्हणालं
आणि कोणीतरी "हो" म्हणालं.

घरी परतताना मशिदीपाशी
चाक वर आलं, पुरतं वर,
गाडीने ते पोटात घेतलं
आणि कुठेही बोलून दाखवलं नाही.

मग सगळे उतरले, चहाचं काहीतरी ठरलं,
पावलं आत गेली.
डिकीत कोण आहे हे कोणाच्या लक्षात नव्हतं.
दोन पावलं मात्र चाकाशीच रेंगाळली,
एक चपलांची, एक बुटांची.
मी टॉर्च विझवला.
लगेच ठोठावलं नाही.